मदत हवी आहे: आईच्या लघवीत प्रोटीन ‘निल’, मग एसीआर ८६ कसा?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची आहे, सोलापूरला असते. मी नोकरीमुळे पुण्यात. तिला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. दर खेपेला साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीची साधी तपासणी व्हायची. ‘प्रोटीन: निल’ वाचलं की आम्ही निर्धास्त व्हायचो.

या वेळी नवीन डॉक्टरांनी एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचं प्रमाण, करून घ्यायला सांगितलं. ते ८६ आलं. त्याच दिवशीच्या साध्या तपासणीत प्रोटीन निलच! रक्तातलं क्रिएटिनिन ०.८, एचबीए१सी ८.४, बीपी १४६/८८. पायावर सूज नाही, लघवीला फेस नाही. आदल्या दोन दिवशी मात्र तिला ताप होता आणि लघवीला जळजळ होत होती.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली. आई ती घेत नाहीये. शेजारच्या काकूंचं डायलिसिस तिनं जवळून पाहिलंय, त्यामुळे ‘किडनी’ हा शब्द ऐकल्यापासून ती गप्प आहे. रिपोर्ट देवघराच्या खणात ठेवलाय, गोळ्यांची पट्टी तशीच न फोडलेली. कुठला रिपोर्ट खरा मानायचा? आणि तिला समजवायचं कसं?

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. साध्या तपासणीत पट्टी लघवीत बुडवून रंग बघतात. थोडंसं अल्ब्युमिन त्या पट्टीला दिसत नाही, बरंच वाढलं की मगच रंग बदलतो. एसीआर त्याच्या आधीच पकडतं. ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० सुरुवातीची गळती. किडनीची चाळणी झिरपायला लागली तरी रक्तातलं क्रिएटिनिन बरीच वर्षं नॉर्मल राहू शकतं. म्हणून ०.८ वर विसंबून राहू नका.

पण एका नमुन्यावरून शिक्काही मारू नका. ताप, लघवीचा संसर्ग, फार वाढलेली साखर किंवा बीपी, आदल्या दिवशीची खूप दमछाक, यांनीही आकडा वर जातो. आधी जळजळीचा इलाज करा, मग सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर निदान पक्कं धरतात.

टेल्मिसार्टन नुसती बीपीची गोळी नाही. ती किडनीच्या आतला दाब उतरवते, त्यामुळे गळती कमी होते. डायलिसिसची वेळ येऊ नये म्हणूनच ती देतात. आईंना नेमकं हेच सांगा. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. डोळ्यांचा पडदाही दाखवून घ्या. आई अंगदुखीच्या गोळ्या घेतात का? त्यांनीही किडनीला त्रास होऊ शकतो.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. आत्ताच आईशी बोललो. डायलिसिस टाळायचीच गोळी आहे म्हटल्यावर ती पहिल्यांदा नीट बोलली. आज रात्रीपासून घेते म्हणाली. अंगदुखीच्या गोळीचं विचारलं, तर गुडघ्यासाठी ती रोज एक डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आणून घेते, गेली दोन वर्षं! आम्हाला पत्ताच नव्हता. हे उद्याच डॉक्टरांना कळवतो. तोवर गुडघ्याला आराम पडावा म्हणून तुमच्या घरी काय करता?