हरलेल्या संघातली खेळाडू स्पर्धेतली सर्वोत्तम ठरू शकते का?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस चौदा वर्षांखालील मुलींची खो-खो स्पर्धा भरते. आठ संघ असतात आणि सामने बाद पद्धतीने होतात. गेली सहा वर्षे मी तिथे गुणलेखिका म्हणून बसते. यंदाच्या अंतिम सामन्यानंतर आयोजन समितीत एक वाद झाला आणि तो मला अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून इथे मांडते.

शेवटच्या पाळीत आक्रमण करणाऱ्या संघाला जिंकण्यासाठी सहा गडी बाद करायचे होते आणि हातात सात मिनिटे होती. पळणाऱ्या संघाच्या पहिल्या तुकडीतल्या दोघी मिनिटाभरातच बाद झाल्या. तिसरी मुलगी मात्र एकटी उरली आणि पुढे जवळजवळ तीन मिनिटे एकटीच पळत राहिली. समोरची पाठलाग करणारी मुलगी बदलत होती, खो मिळत होते, आणि ही एकेरी साखळीतून, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत, पाटी पाटी (त्यांच्या बसण्याची आडवी पट्टी) मागे टाकत, खांबाजवळ शेवटच्या क्षणी अंग चोरून पुन्हा उलट दिशेने निघत होती. माझ्या घड्याळात तिची पळती ३ मिनिटे ५० सेकंद भरली. बाद झाल्यावर ती धापा टाकत माझ्या टेबलाशी आली, चुन्याने पांढरे झालेले पाय फरशीवर आपटले आणि एवढेच विचारले, "ताई, किती झाली?" मी वेळ सांगितली. तिने मान हलवली आणि लगेच पुढच्या तिघींना ओरडून सांगायला गेली की मधल्या पाटीवरची मुलगी डावीकडे झुकून बसते आहे. त्या तिघी टिकल्या नाहीत. आठ सेकंद शिल्लक असताना सहावा गडी बाद झाला आणि सामना १३-१२ असा गेला.

स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचे एकच पारितोषिक असते. मी त्या मुलीचे नाव सुचवले, तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सांगितले की, हरलेल्या संघातली मुलगी सर्वोत्तम कशी असेल, जिंकले तेच श्रेष्ठ, नाही तर स्पर्धा घ्यायची कशाला. बहुतेकांना ते पटले आणि पारितोषिक विजयी संघाच्या कर्णधाराला देण्याचे ठरले. बक्षीससमारंभ पुढच्या रविवारी आहे. विजयाने श्रेष्ठत्व सिद्ध होते हे म्हणणे कितपत खरे मानावे? आणि संघाचे खरे असले, तरी एकट्या खेळाडूला तोच न्याय लावता येतो का?

मोतीबागेचा जुना प्रेक्षक

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बडोद्यात बसून शोधायचे, तर फार लांब जावे लागत नाही. क्रिकेटपटू विजय हजारे आपल्याच गावी राहिले, इथल्याच संघाकडून खेळले आणि २००४ साली इथेच गेले. त्यांच्या नावाची स्पर्धा आज देशभर खेळली जाते. त्यांच्या मोठेपणाचे सर्वांत भक्कम पुरावे कुठले, असे मला कोणी विचारले, तर मी त्यांचे दोन सामने सांगतो आणि ते दोन्ही त्यांच्या संघाने डावाने हरलेले आहेत.

पहिला १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना; त्या स्पर्धेत धर्म-समाजांनुसार संघ असत. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंटांच्या नाबाद २५० होत्या. हजारे 'रेस्ट', म्हणजे बाकीच्या समाजांच्या संघात होते. तो संघ पहिल्या डावात १३३ वर आटोपला आणि दुसऱ्या डावात ३८७ वर. त्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, तिच्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. आता तुमच्या समितीचा न्याय लावायचा, तर त्या दिवशी हजारे कमी प्रतीचे फलंदाज ठरले असे म्हणावे लागेल, आणि त्या सामन्याची धावसंख्या एकदा वाचलेला कोणीही माणूस ते म्हणू धजणार नाही.

दुसरा सामना जानेवारी १९४८ मधला अॅडलेडचा. ऑस्ट्रेलियाच्या ६७४, ब्रॅडमनच्या २०१. भारताकडून हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या, आणि एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला.

हे सांगताना मला त्यांचे विजय झाकायचे नाहीत. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात इथेच बडोद्यात त्यांनी २८८ केल्या, गुल महंमदने ३१९, दोघांची भागीदारी ५७७ धावांची झाली आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. १९५२ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. माझे म्हणणे इतकेच आहे की बॅट हातात घेतलेला माणूस तोच होता, त्याचे तंत्र तेच होते आणि धीरही तोच होता. बाकीच्या दहा जणांनी साथ दिली तेव्हा संघ जिंकला आणि दिली नाही तेव्हा हरला. जी गोष्ट दुसऱ्यांच्या खेळावर अवलंबून आहे, तिच्यावरून एकट्या माणसाचे माप काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तुमच्या त्या मुलीने स्वतःच्या हातात असलेले सगळे केले, आणि वर पुढच्या तिघींना समोरच्या संघातले वैगुण्यही सांगितले.

माजी खो-खोपटू

मी स्वतः राज्यपातळीपर्यंत खेळलो आहे आणि इथे थोडा वेगळा सूर लावतो आहे, याचा कोणी राग मानू नये.

हरलेला संघच सरस होता, हे वाक्य मी मैदानाबाहेर इतक्या वेळा ऐकले आहे की, ते ऐकले की मला त्या संघातल्या मुलांची काळजी वाटते. कारण ते एकदा मनात बसले की सराव थांबतो. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक असतात. किती मिनिटांची पाळी, किती गडी, किती गुण, हे ठरलेले असते आणि त्याच चौकटीत दुसऱ्यापेक्षा एक गुण जास्त मिळवणे हेच तर कौशल्य आहे. आठ सेकंद उरलेले असताना, छातीत धडधड होत असताना, चुकीचा खो न देता सहावा गडी टिपणे हे नशिबाने होत नाही. विजयी कर्णधार मुलीकडे कोणी बघितलेच नाही, असे मला ताईंचा मजकूर वाचून वाटले.

२०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाबद्दलही लोक असेच बोलतात. भारताने ओळीने दहा सामने जिंकले आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून सहा गडी राखून हार पत्करली. त्याच ऑस्ट्रेलियाला आपण चेन्नईत हरवले होते, मग श्रेष्ठ कोण, असा प्रश्न आजही आपल्याकडे चहाच्या टपरीवर निघतो. पण तो खरोखर 'तोच' ऑस्ट्रेलिया होता का? हाताला दुखापत झाल्यामुळे ट्रॅव्हिस हेड पहिले पाच सामने खेळलाच नव्हता. अंतिम सामन्यात रोहित शर्माचा झेल मागे धावत जाऊन त्यानेच घेतला आणि १३७ धावाही त्यानेच केल्या. पहिले दोन सामने हरलेला संघ दीड महिन्यात स्वतःला घडवत गेला आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी सर्वांत चांगला खेळला. हेही श्रेष्ठत्वच आहे आणि कदाचित सर्वांत अवघड प्रकारचे आहे. नव्वद हजार लोकांचे मैदान गप्प करणे सोपे नसते.

गणित-शिक्षिका, मांजलपूर

माजी खो-खोपटूंचे म्हणणे मला अर्धे पटते. विजय हा पुरावा आहे, यात शंका नाही. मात्र तो किती वजनाचा पुरावा आहे, हे मोजता येते आणि मोजले पाहिजे.

असे समजू या की, तुमच्या आठ संघांत एक संघ खरोखरच इतरांहून सरस आहे, इतका की कोणाशीही खेळला तरी दहापैकी सात वेळा तोच जिंकतो. बाद पद्धतीत चषकासाठी त्याला ओळीने तीन सामने जिंकावे लागतात. ०.७ ला ०.७ ने दोनदा गुणा, उत्तर ०.३४३ येते. म्हणजे अशा शंभर स्पर्धा भरवल्या, तर हा सर्वश्रेष्ठ संघ सुमारे ३४ वेळाच चषक नेईल आणि उरलेल्या ६६ वेळा तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिसेल. मी हे उदाहरण वर्गात घेते, तेव्हा मुले आधी विश्वासच ठेवत नाहीत आणि मग स्वतः नाणी आणि फासे टाकून पाहतात. दोन संघांत फरक कमी असेल, समजा दहापैकी सहा वेळा एक जिंकतो, तर सात सामन्यांची मालिका घेतली तरी सरस संघ ती शंभरातून साधारण ७१ वेळाच जिंकतो. ज्यांना खरोखर श्रेष्ठ कोण हे पाहायचे असते, ते म्हणूनच साखळी पद्धत ठेवतात. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये वीस संघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या सर्वांशी दोनदा, म्हणजे ३८ सामने खेळतो, ते उगाच नाही. आपल्याकडे मैदान दोन दिवसांसाठीच मिळते, म्हणून आपण बाद पद्धत घेतो. ती सोय आहे, आणि सोयीने निघालेल्या निकालावर तिला पेलवेल तेवढेच ओझे टाकावे.

नियमांबद्दलही एक सांगते. १४ जुलै २०१९ या एकाच दिवशी लंडनमध्ये दोन अंतिम सामने झाले. लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५-१५ झाल्या, आणि चषक इंग्लंडला मिळाला तो २६ विरुद्ध १७ अशा जास्त चौकार-षटकारांमुळे. तिकडे विंबल्डनला फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४, आणि विजेता जोकोविच ठरला, कारण टेनिसमध्ये ६-१ ने घेतलेला सेट आणि टायब्रेकरवर घेतलेला सेट सारख्याच किमतीचे असतात. मला या दोन निकालांत फरक दिसतो. जोकोविचने नेमके मोक्याचे गुण घेतले, फेडररच्या सर्व्हिसवर सामना संपवणारे दोन गुण वाचवले, आणि हे खेळाचेच कौशल्य आहे. चौकार मोजण्याने मात्र तसे काही कळत नव्हते. एकेरी-दुहेरी धावा पळून काढणे हे चौकारापेक्षा हलके क्रिकेट नाही, आणि तीन महिन्यांत तो नियम बदलावा लागला. आपल्या खो-खोत बरोबरी झाल्यावर लघुत्तम आक्रमण घेतात, ते मला जास्त न्याय्य वाटते, कारण पहिला गडी कोण लवकर बाद करतो हे निदान खो-खोच असते.

त्या दोन विश्वचषकांत स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला, तेही समितीला सांगा. २०१९ ला न्यूझीलंडचा केन विल्यमसन, २०२३ ला ७६५ धावा करणारा विराट कोहली. दोघेही अंतिम सामन्यात हरलेल्या संघातले होते.

सयाजीगंजकर

बुद्धिबळाचे उदाहरण कसे कोणी दिले नाही? तिथे संघही नाही आणि फासाही नाही. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने २०२२ मध्येच जगज्जेतेपदासाठी पुन्हा खेळणार नाही असे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला भारताच्या डी. गुकेशने त्यानंतरचा जगज्जेता डिंग लिरेन याला ७.५-६.५ असे हरवून किताब मिळवला आणि त्याच दिवशी, अठराव्या वर्षी, त्याने सांगितले की जगज्जेता झालो म्हणजे मी सर्वांत श्रेष्ठ खेळाडू झालो असे नाही, तो मान कार्लसनचा आहे. किताबावर त्याचा पूर्ण हक्क होता आणि तो त्याने अभिमानाने घेतला. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याने त्याच्या विजयाला कुठेही उणेपणा आला नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. माजी खो-खोपटूंनी म्हटलेले मला लागले, आणि ते योग्य होते. रात्री गुणपत्रिका पुन्हा काढून बसले. विजयी कर्णधाराने शेवटच्या पाळीतल्या सहांपैकी तीन गडी स्वतः टिपले आहेत आणि उपांत्य सामन्यातही तिचे चार आहेत. सामन्याच्या ओघात माझी नजर पळणाऱ्या मुलीवरच राहिली, हे मान्य करते. दुसरीकडे, त्या मुलीची तिन्ही सामन्यांतली पळती एकत्र मांडली, तर स्पर्धेत दुसरी कोणीही तिच्या जवळपास नाही.

माजी खो-खोपटू

मग ताई, वाद पारितोषिक एकच असल्यामुळे झाला आहे. मोठ्या स्पर्धांत उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू अशी वेगवेगळी पारितोषिके याच कारणाने देतात, कारण पळणे आणि टिपणे ही दोन निराळी अंगे आहेत आणि एका संघाने सामना घेतला तरी ती दोन्ही अंगे त्याच संघात सर्वांत चांगली असतील असे नसते. कर्णधार मुलीला उत्कृष्ट आक्रमक द्या. संरक्षकाचे पारितोषिक कोणाचे, हे तुमच्या घड्याळाने आधीच लिहून ठेवले आहे, आणि त्यावर माझा काहीही आक्षेप नाही. विजयाच्या बाजूने मी बोललो आणि पुढेही बोलेन, पण ३ मिनिटे ५० सेकंद, त्यातही बहुतेक वेळ एकटीने, चौदा वर्षांखालील गटात मी फार क्वचित पाहिली आहेत.

दांडियाबाजारकर

आज संध्याकाळी समितीपुढे गुणपत्रिका ठेवल्या. मराठीत आणि गुजरातीत मिळून तासभर बोलणे झाले. ज्येष्ठ सदस्यांनी तिन्ही सामन्यांच्या वेळा स्वतः हाताने पुन्हा मिळवून पाहिल्या, हजाऱ्यांच्या ३०९ चा उल्लेख झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते, कारण लहानपणी त्यांनी हजाऱ्यांना मैदानावर पाहिले आहे. आक्रमक आणि संरक्षक अशी दोन पारितोषिके करायला त्यांनी होकार दिला. दुसऱ्या चषकाचा खर्च मी आणि आणखी दोघी मिळून करणार आहोत. त्यावर नावाखाली वेळही कोरून घ्यायची आहे, म्हणून उद्या सकाळीच दुकानात जाते.