धरणात शिडाच्या नौकांची शर्यत भरवताना जबाबदारी कोणाची? हमीपत्र पुरेसे आहे का?

गोदाकाठचा_खलाशी (नाशिक)

नमस्कार. आम्ही नाशिकचे दहा-बारा जण गेली तीन वर्षे सुटीच्या दिवशी जिल्ह्यातील एका धरणाच्या जलाशयात शिडाच्या लहान नौका चालवतो. डिसेंबरात पहिल्यांदाच खुली शर्यत भरवण्याचा विचार आहे. वीसेक नौका अपेक्षित आहेत, त्यांपैकी सात-आठ ऑप्टिमिस्ट असतील, म्हणजे एकेकटे मूल चालवते ती छोटी डिंगी. मुले दहा ते चौदा वयाची. आमचा गट नोंदणीकृत नाही. प्रवेश शुल्क नाममात्र ठेवणार आहोत आणि जलसंपदा विभागाकडे परवानगीचा अर्ज केलेला आहे.

एका परदेशी क्लबचे हमीपत्र आम्ही मराठीत करून घेतले. त्यात ‘कोणत्याही इजेस, मृत्यूस वा नुकसानीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असे वाक्य आहे. परवाच्या बैठकीत एका मुलाच्या वडिलांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, ‘मग तुम्ही तिथे नेमके कशासाठी उभे असणार?’ आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. या सहीने आम्ही खरोखर मोकळे होतो का, आणि होत नसू तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुने_शीड

मी बरीच वर्षे शर्यतींमध्ये आधी नौका चालवल्या आणि नंतर रेस ऑफिसर (शर्यत चालवणारा अधिकारी) म्हणून काम केले, त्यामुळे कायद्याचे नाही, पाण्यावरचे सांगतो. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या नौकांच्या जागतिक संघटनेच्या शर्यत नियमांतील नियम ३ सांगतो की शर्यतीत उतरायचे की नाही आणि उतरल्यावर पुढे जायचे की नाही, या निर्णयाची जबाबदारी सर्वस्वी त्या नौकेची असते. आयोजक मंडळींना हा नियम फार आवडतो. पण त्याच पुस्तकात नियम ३२ आहे, ज्यानुसार वादळी हवा किंवा सुरक्षिततेचे अन्य कारण असेल तर शर्यत चालवणारी समिती सुरू झालेली शर्यत रद्द करू शकते. ‘वाय’ झेंडा लावून लाइफ जॅकेट सक्तीचे करण्याचा अधिकारही समितीचाच आहे. ज्याच्या हातात झेंडा आहे, त्याला ‘मी फक्त बघत होतो’ असे म्हणता येत नाही.

१९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ११५ नौका निघाल्या, वादळ गाठून पडले, पाच नौका बुडाल्या आणि सहा खलाशी गेले. निर्णय नौकेचा, हा नियम तेव्हाही होता. तरीही न्यू साउथ वेल्सच्या कॉरोनरने (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने) २००० साली निष्कर्ष दिला तो असा की आयोजक क्लबने शर्यत सांभाळण्याची आपली जबाबदारी सोडून दिली आणि ऐन वेळी व्यवस्थापन प्रेक्षकाच्या भूमिकेत राहिले.

आता धरणापुरते बोलतो. धरणाचे पाणी समुद्रापेक्षा सोपे असते हा गैरसमज आहे. डोंगराआडून येणारा वारा एकसारखा नसतो. दहा मिनिटे पाणी आरशासारखे असते आणि मग एकाच झोतात चार नौका उलटतात. अशाच एका जलाशयावर (ठिकाण सांगत नाही) आम्ही एकदा एकच बचाव बोट ठेवली होती. तिने उलटलेली पहिली डिंगी दोर लावून ओढायला घेतली आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाला आणखी दोन उलटल्या. बोटीवरच्या पोराला ओढ सोडावी की मुलाला घेऊन तसेच जावे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. माणसे आधी, नौका नंतर, हे वाक्य आम्ही त्यानंतर लिहून ठेवले. त्याच संध्याकाळी मोजणीत एक मुलगा कमी भरला. पाऊण तास आम्ही पाणी पिंजून काढले. मुलगा पलीकडच्या काठाला उतरून मामाच्या गाडीत बसून भडंग खात होता. तेव्हापासून मी टॅली बोर्डाशिवाय शर्यत सुरू करत नाही: फळीवर खिळे, प्रत्येकाच्या क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला, पाण्यात जाताना बिल्ला काढायचा, काठावर आल्यावर स्वतःच्या हाताने परत लावायचा. खर्च दोनशे रुपये.

वकील_पंचवटी

प्रश्नाच्या कायदेशीर बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हे सर्वसाधारण विवेचन समजावे, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

ज्या परदेशी पत्रावरून तुम्ही भाषांतर केले, ते ब्रिटिश असेल तर गंमत अशी की तिथल्या १९७७ च्या कायद्यानेच व्यावसायिक स्वरूपाच्या व्यवहारात निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातून झटकता येत नाही. म्हणजे मूळ गावात जे चालत नाही ते आपण आयात केले. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, परंतु १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक ठरवते, आणि शुल्क घेतलेले असल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘सेवेतील त्रुटी’ हा मुद्दाही उपस्थित होऊ शकतो. शुल्क नाममात्र असले तरी ते शुल्कच असते.

मुलांच्या बाबतीत तर हमीपत्र जवळजवळ शोभेचे आहे. अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ सालीच सांगितले आहे, आणि पालकाने सही केली म्हणून मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क संपतो असे गृहीत धरू नये. आपल्याला जवळचे उदाहरण पाहा. १९९५ मध्ये शाळेच्या सहलीला गेलेली चौदा मुले ब्यास नदीत बुडाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. मुले ज्यांच्या ताब्यात दिली त्यांच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते, हे त्यामागचे सूत्र तुमच्या ऑप्टिमिस्टवाल्यांना जसेच्या तसे लागू पडते.

प्रौढ स्पर्धकांचे थोडे वेगळे आहे. वारा, लाट, उलटणे हे खेळातले धोके त्यांनी जाणूनबुजून स्वीकारलेले असतात आणि न्यायालये ते मानतात. बचाव बोटीत पेट्रोल नसणे हा मात्र खेळातला धोका नव्हे. मृत्यू झाला तर दिवाणी दाव्याखेरीज भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लागू होऊ शकते, जिथे पूर्वीची दोन वर्षांची कमाल शिक्षा आता पाच वर्षांवर गेली आहे; मात्र फौजदारी जबाबदारीसाठी साधी चूक पुरेशी नसते, बेफिकिरी ढोबळ असावी लागते.

नौकांच्या आपसातील टकरीबद्दल एक जुना निकाल मजेदार आहे. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडमध्ये शर्यतीतील ‘सॅटानिटा’ या नौकेने ‘व्हल्किरी’ला धडक देऊन बुडवले. दोन्ही मालकांनी एकमेकांशी करार केलेला नव्हता, दोघांनी फक्त क्लबच्या नियमांवर स्वतंत्रपणे सही केली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) १८९७ मध्ये ठरवले की त्या सहीनेच स्पर्धकांमध्ये परस्परांशी करार झाला, म्हणून धडक देणाऱ्याला कायद्याने ठरवलेल्या मर्यादित रकमेवर सुटता येणार नाही, नियमाप्रमाणे पूर्ण भरपाई द्यावी लागेल. तेव्हा तुमच्या नोटीस ऑफ रेसमध्ये (शर्यतीच्या जाहीर सूचनापत्रात) जे लिहाल ते विचार करून लिहा, कारण ते सगळ्यांना बांधते, तुम्हालाही. ‘तीन बचाव बोटी असतील’ असे छापून दोनच आणल्या, तर तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा तुमचाच कागद असेल.

गट नोंदणीकृत नसल्यामुळे दावा थेट तुमच्यापैकी एकेकावर, घरादारावर येऊ शकतो. आधी संस्था नोंदवा. विमा घेताना एजंट ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणून १९९१ च्या कायद्याखालील पॉलिसी पुढे करेल. तो कायदा घातक रसायनांसाठी आहे, शर्यतीसाठी नाही. पाण्यावरील कार्यक्रम, स्वयंसेवक आणि अज्ञान मुले हे तिन्ही शब्द पॉलिसीत दिसेपर्यंत पैसे भरू नका.

सरळ_विचारतो

सर्व मान्य करूनही एक शंका मांडतो. इतका विचार केला तर नाशिकमध्ये कोणी काही भरवणारच नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ च्या ऑलिंपिकपर्यंत गेला, पण त्याला वल्हे हातात घेण्यासाठी सैन्यात आणि पुण्याला जावे लागले. आपल्या धरणांवर मुले पाण्यात उतरली नाहीत तर पुढचा कुठून येणार? हौशी स्वयंसेवकांना तुरुंगाची भीती घालून काय साधते?

वकील_पंचवटी

भीती घालत नाही. न्यायालय आयोजकाकडे चमत्कार मागत नाही. जे दिसत होते आणि हातात होते ते केले का, एवढेच पाहते. ज्याने सकाळचा हवामान अंदाज वेळेसह लिहून ठेवला, मर्यादेपेक्षा वारा वाढताच शर्यत रद्द करणारा ‘एन’ झेंडा लावला आणि त्याची नोंद केली, त्याच्याकडे अपघातानंतर दाखवायला काहीतरी असते. ज्याच्याकडे फक्त सह्यांचा गठ्ठा असतो, त्याची अडचण होते.

गोदाकाठचा_खलाशी (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा बसलो. ते वाक्य काढले. पालकांच्या अर्जात आता पोहता येते का, दमा वा फिट्सचा त्रास आहे का, औषधाची ॲलर्जी, उपचारांना संमती आणि काठावर हजर राहणाऱ्या मोठ्या माणसाचा फोन, एवढेच विचारले आहे. मुलांच्या आणि मोठ्यांच्या शर्यती वेगळ्या वेळी घेऊ, म्हणजे दोन्ही बचाव बोटी मुलांच्या वेळी मुलांकडेच राहतील. लाइफ जॅकेट पाण्यात सर्वांना सक्तीचे, आयोजकांनाही.

एक गोष्ट मात्र बैठकीत अवघड गेली. शर्यत थांबवण्याचा निर्णय आमच्या अध्यक्षांकडे होता आणि त्यांचा मुलगा या वेळी जिंकण्याच्या तयारीत आहे. बऱ्याच वेळाने त्यांनीच सांगितले की झेंडा माझ्या हातात देऊ नका. ज्यांची नौका वा मूल पाण्यात नाही असे आमच्यात दोघेच निघाले. त्यांपैकी एकांना ‘जुने शीड’ यांच्याकडून फोनवर दोन तास शिकून घ्यायचे आहे, त्यांची हरकत नसल्यास.

जुने_शीड

हरकत नाही, पण फोनवर नको. रविवारी धरणावर येतो, वारा असेल तेव्हा शिकवतो.