निर्वासितांनी कुठे राहायचं हे सरकारने ठरवावं का?

शतपावली:
जर्मनीत आश्रय मागायला आलेला माणूस कुठे राहणार हे त्याच्या हातात नसतं. ते ठरवतं क्योनिगश्टाइन सूत्र. संशोधन संस्थांचा खर्च राज्यांनी आपसात कसा वाटून घ्यायचा यासाठी ते १९४९ साली जन्माला आलं. करउत्पन्नाला दोन तृतीयांश वजन, लोकसंख्येला एक तृतीयांश. या हिशेबाने नॉर्थ राइन-वेस्टफालियाकडे शंभरातले साधारण २१ जण जातात, ब्रेमेनकडे एक. २०१५ मध्ये नऊ लाखांच्या आसपास लोक आले, तेही याच मापाने वाटले गेले. २०१६ च्या कायद्याने पुढची गाठ मारली: आश्रय मंजूर झाला तरी तीन वर्षं त्याच राज्यात राहायचं. नोकरी किंवा शिक्षणाची सोय दुसरीकडे झाली तर सूट.

मला हे पटतं. मोकळीक मिळाली की काय होतं ते झाल्त्सगिटरमध्ये दिसलं. लोअर सॅक्सनीतलं लाखभर वस्तीचं पोलादाचं शहर. फ्लॅट रिकामे, भाडी कमी, म्हणून राज्यभरातून निर्वासित तिथे गोळा झाले. शाळा, बालवाड्या, नगरपालिका, सगळ्यांवर ताण. शेवटी २०१७ मध्ये राज्यालाच आदेश काढावा लागला की आश्रय मिळालेल्यांनी यापुढे तिथे राहायला जायचं नाही. मागोमाग डेल्मेनहोर्स्ट आणि विल्हेल्म्सहाफेनलाही तोच नियम लागला. श्रीमंत शहरं नामानिराळी राहणार आणि हातातोंडाची गाठ असलेल्यांनी सगळं निस्तरायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

मुक्ता_क:
न्याय कुणाला, हे आधी ठरवा. तुमच्या अख्ख्या लेखात राज्य आहे, शहर आहे, बालवाडीसुद्धा आहे. ज्याला पाठवलं जातंय तो माणूस फक्त शंभरातला एक.

आणि असे बंदीहुकूम जर्मनीने पूर्वीही काढून पाहिलेत. १९७५ मध्ये ज्या भागांत परदेशी लोक १२ टक्क्यांहून जास्त, तिथे नव्यांना राहायला मनाई झाली होती. पश्चिम बर्लिनमध्ये क्रॉइत्सबर्ग, वेडिंग आणि टियरगार्टन या वस्त्या बंद होत्या. पासपोर्टावर तसा शिक्का मारत. तरी क्रॉइत्सबर्ग आज तुर्की लोकांची वस्ती म्हणूनच ओळखलं जातं, बर्लिनला गेलेल्या कुणालाही विचारा.

अमेरिकेनेही हेच केलं. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांना मुद्दाम देशभर विखुरलं. काही वर्षांत त्यांतले कितीतरी आपणहून कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत जमा झाले आणि तिथे लिटल सायगॉन उभं राहिलं. जिथे मावशी राहते, जिथे आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर भेटतो, जिथे पहिली नोकरी ओळखीने लागते, तिथे माणूस जाणारच. आपण नाही का पुण्याहून न्यू जर्सीला जाताना एडिसनमध्येच घर शोधत?

गणपा:
एडिसनचं उदाहरण गैरलागू. तिथे जाणाऱ्याच्या खिशात नोकरीचं पत्र असतं, घरभाडं तो स्वतः भरतो.

बाकी दोघांनीही खेड्यांचा विचारच केलेला नाही. ओडर नदीजवळ, पोलंडच्या सीमेलगत गोल्त्सो नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये पहिलीचा वर्ग भरवण्याइतकी मुलंच नव्हती. सरपंचाने गावातले रिकामे फ्लॅट सीरियन कुटुंबांना देऊ केले, मुलं आली, वर्ग सुरू झाला. आल्टेना हे डोंगरातलं तारा ओढण्याच्या धंद्याचं शहर. कारखाने बंद पडत गेले आणि १९७० नंतर लोकसंख्या जवळजवळ निम्मी झाली. त्यांनी २०१५ मध्ये कोट्यापेक्षा शंभर माणसं जास्त मागून घेतली. मागून!

चावडी:
त्याच आल्टेनाच्या महापौरांवर, आंद्रेआस होलश्टाइन यांच्यावर, २०१७ मध्ये एका गाववाल्यानेच सुरी चालवली, निर्वासितांना थारा दिला म्हणून. हेही सांगा की.

गणपा:
सांगतो. ज्या कबाबच्या दुकानात हे घडलं त्याच्या तुर्की वंशाच्या मालकांनीच हल्लेखोराला धरलं आणि महापौरांना वाचवलं.

शतपावली:
मुक्ताताई, मोकळीक हवी तर स्वीडन पाहा. १९९४ पासून तिथे आश्रय मागणाऱ्याला आपली राहण्याची सोय आपणच करायची मुभा मिळाली. परिणाम? इराक युद्धानंतर सोडरटेल्ये या एकट्या शहराने अमेरिका आणि कॅनडा मिळून जितके इराकी घेतले त्याहून जास्त घेतले. २००८ मध्ये तिथले महापौर अँडर्स लागो अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन हे सांगून आले. एकेका घरात दोन-तीन कुटुंबं. याला स्वातंत्र्य म्हणायचं का?

मुक्ता_क:
त्याच सोडरटेल्येत सत्तरच्या दशकापासून आलेल्या असीरियन (इराक-तुर्कस्तानकडच्या ख्रिश्चन) लोकांनी आसीरिस्का नावाचा फुटबॉल क्लब काढला आणि तो २००५ मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. नवे इराकी तिथेच का गेले याचं उत्तर त्यात आहे. गर्दी झाली ते खरं, पण घरं बांधणं सरकारचं काम होतं.

ताम्हिणी:
उल्हासनगर विसरलात वाटतं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना एकत्र ठेवलं. विखुरलं असतं तर तो बाजार उभा राहिला असता का?

चावडी:
ते पहिल्या दिवसापासून धंदा करू शकत होते. जर्मनीत अर्ज दिल्यावर सुरुवातीचे काही महिने कामच करता येत नाही. मोजायचंच असेल तर सूत्रात रिकामी घरं धरा. कर आणि डोकी धरून म्युनिकवर माणसं पाठवायची आणि तिथे भाड्याने खोली मिळत नाही, हा कुठला शहाणपणा?

मुक्ता_क:
चावडी, रिकामी घरं नोकऱ्या गेलेल्या गावांतच असतात. आल्टेना, गोल्त्सो, खुद्द झाल्त्सगिटर घ्या. तुमच्या सूत्राने माणसाला छप्पर मिळेल, पण कामासाठी तो पुन्हा म्युनिकचीच गाडी पकडेल. आणि २०१६ चा कायदा त्याला विचारेल, नोकरी आधी दाखव, मग जा. नोकरी तिकडे, हा इकडे. मुलाखतीला उभं कोण करणार?

शतपावली:
सूट मिळण्याची अट आठवड्याला १५ तासांच्या कामाची आहे. ती सैल करा, मला चालेल. पण वाटणी काढून टाकलीत तर पहिला मोर्चा म्युनिकमध्ये निघणार नाही, झाल्त्सगिटरमध्ये निघेल.

गणपा:
आणि गोल्त्सोची पहिली पुन्हा रिकामी.