ट्रिगरसोबत सफाई कोळंबी आणि लहान मासे ठेवता येतील का?

खारीटाकी_पुणे

नमस्कार. माझ्याकडे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी गेली दोन वर्षे चालू आहे. काचेच्या मापाने पाणी साधारण ६८० लिटर होते, खाली सम्प (पाणी गाळणारी जोड टाकी) आणि स्कीमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आहे, पाण्याचा खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर आणि तापमान चिलरमुळे २६ अंशांवर स्थिर असते. आत ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, दोन फायरफिश, पाच हिरवे क्रोमिस (हे सगळे लहान मासे) आणि पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या, माशांच्या अंगावरची घाण टिपून खाणाऱ्या दोन सफाई कोळंब्या आहेत. या कोळंब्या दीड वर्षापासून माझ्याकडे आहेत. टाकीत हात घातला की दगडावरून उतरून त्या बोटांवर चढतात आणि नखांच्या कडा टोकरू लागतात, त्यामुळे त्यांच्याविषयी मला किती जिव्हाळा आहे हे वेगळे सांगायला नको.

टाकीत एक मोठा, ठसठशीत मासा असावा अशी फार दिवसांची इच्छा आहे आणि मन ट्रिगर या मजबूत जबड्याच्या समुद्री माशावर बसले आहे. दुकानात सध्या तीन ट्रिगर आहेत: सहा सेंटिमीटरचा पिकासो, नऊ सेंटिमीटरचा नायजर आणि अकरा सेंटिमीटरचा ब्लूचिन नर, ज्याची किंमत पहिल्या दोघांच्या कितीतरी पट आहे. दुकानदारांचे म्हणणे असे, की लहानपणापासून एकत्र वाढलेला ट्रिगर कोणालाच काही करत नाही, त्यामुळे पिकासो नेला तरी चालेल. हे कितपत खरे आहे? तिघांपैकी कोणता ट्रिगर माझ्या कोळंब्यांना आणि फायरफिशना सोडून देईल?

प्रवाळकाठ_ठाणे

लहानपणापासून एकत्र वाढवण्याचा तो सल्ला कृपया मनावर घेऊ नका. सहा सेंटिमीटरचा पिकासो कोळंबीला त्रास देत नाही, कारण त्या वयात कोळंबी त्याच्या तोंडाच्या मानाने मोठी असते. तो वाढतो, कोळंबी मात्र पाच-सहा सेंटिमीटरवरच थांबते, आणि मग एका रात्रीत हिशेब पालटतो.

ट्रिगर निवडताना मी रंगाच्या आधी तोंड पाहतो. पिकासोचे तोंड लांबट थुंटीच्या टोकाला असते आणि डोळे कपाळावर फार मागे, फार वर असतात. ही रचना तळावर शिकार करणाऱ्या माशाची आहे, कारण अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्यावर तोंड घातले तरी डोळे काट्यांपासून दूर राहतात. खेकडे, शिंपले, कृमी, कोळंबी हे त्याचे रोजचे खाणे आहे. क्लाउन ट्रिगर, अंड्युलेटेड ट्रिगर, क्वीन ट्रिगर आणि टायटन हेही याच पंक्तीत बसतात. टायटन तर ७५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे घरच्या टाकीसाठी त्याचा विचारच करू नये. या सर्वांच्या जबड्यात कवच फोडण्याइतके बळ असते आणि त्यांच्यासमोर आपली कोळंबी म्हणजे ताटात वाढलेला घास आहे. अपवाद सांगणारे लोक भेटतील, पण तो अपवाद म्हणजे अजून न घडलेली घटना समजावी.

ब्लूचिनचे (शास्त्रीय नाव झँथिक्थिस ऑरोमार्जिनेटस) तोंड मात्र किंचित वर वळलेले असते. तो उघड्या पाण्यात तरंगून प्रवाहाबरोबर येणारे प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, टिपतो आणि त्याची नजर तळाऐवजी पाण्याच्या मधल्या थरात असते. बहुतेक वेळा तो वीस-बावीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे सहा फुटांची टाकी त्याला पुरते. निळा गळा आणि परांची पिवळी किनार फक्त नराला असते. मादी तपकिरी, साधी दिसते, पण स्वभावाने तितकीच शांत असते. क्रॉसहॅच ट्रिगर याच झँथिक्थिस गटातला, परंतु तो आपल्याकडे क्वचितच येतो आणि त्याची किंमत ऐकून पुढचे बोलणे थांबते.

नायजरचे तोंडही वर वळलेलेच असते, मात्र त्याच्याबद्दल माझे मत थोडे राखून आहे. आहाराने तो प्लवकभक्षी आहे हे खरे, पण तो बराच मोठा होतो, टाकीत एकटा राहिला की हद्द धरतो, आणि त्याच्या वरच्या जबड्यातले ते लाल सुळे केवळ दिखाऊ नाहीत. तुमच्या तिघांपैकी मी डोळे झाकून ब्लूचिन घेईन आणि किंमत जास्त असली तरी दोन महिने थांबून घेईन.

नेत्राणी_डायव्हर

मी सिंधुदुर्गातला. पाण्याखाली आणि टाकीत अशा दोन्ही ठिकाणी नायजर जवळून पाहिला आहे, म्हणून लिहितो. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवती या माशांचे मोठे थवे असतात. प्रवाह असेल तेव्हा ते तळापासून बरेच वर येऊन प्लवक खात राहतात, आणि आपण जवळ गेलो की क्षणात खाली झेपावून खडकांच्या भोकांत डोके आधी घालून शिरतात. मग दोन टोकांची शेपटी तेवढी बाहेर हलताना दिसते. गेल्या काही वर्षांत आपल्या आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांतही तो मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आहे, तेव्हा त्याला ‘दूरदेशीचा मासा’ समजण्याचे कारण नाही.

आता टाकीतला अनुभव. माझ्याकडे नायजर आणि दोन सफाई कोळंब्या चौदा महिने एकत्र होत्या. नायजर स्वतःहून कोळंबीसमोर येऊन तिरका उभा राहायचा, कल्ले उघडायचा आणि कोळंबी तोंडाजवळ फिरत असताना जराही हलायचा नाही. हे दृश्य पाहिल्यावर माझी खात्री पटली की यांचे नाते जुळले आहे. एके दिवशी सकाळी एक कोळंबी दिसेना. दगडाशी तिची कात पडलेली होती, म्हणून ती नवे कवच कडक होईपर्यंत लपली असेल असे समजून मी चार दिवस वाट पाहिली. ती आली नाही. पुढच्या पंधरवड्यात दुसरीही तशीच गेली, आणि त्या वेळी मात्र मी प्रकाश लावून पाहिले तेव्हा नायजरच्या तोंडात मिशांचा तुकडा होता.

तेव्हापासून मी असे मानतो, की धोका त्या रात्रीपुरता असतो. कोळंबी दर काही आठवड्यांनी कात टाकते, बहुधा रात्री, आणि नंतर दिवस-दीड दिवस तिचे अंग मऊ असते. एरवी तिचा पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा आणि त्या हलवण्याची लकब पाहून मासा तिला सफाईवाली म्हणून ओळखतो. कात टाकलेली कोळंबी मिशा हलवत पुढे येत नाही, ती भेदरून दडते. आणि दडलेले, मऊ, कवचाचा वास असलेले काहीतरी म्हणजे ट्रिगरच्या लेखी अन्नच. ब्लूचिनबाबत ही जोखीम कमी आहे हे मान्य, पण प्रवाळकाठ यांनी डोळे झाकून घ्यायला सांगितले आहे तेवढे मात्र मला पटत नाही. डोळे उघडे ठेवून घ्या.

खारीटाकी_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. पिकासोचा विचार सोडला. नायजरही सोडला, कारण चौदा महिन्यांचा तो अनुभव वाचून अंगावर काटा आला. आणखी दोन शंका आहेत. कोळंब्यांची जोखीम घ्यायचीच नसेल तर त्या मित्राच्या टाकीत देऊन त्यांच्या जागी क्लीनर रास हा सफाई करणारा लहान मासा आणावा का? तो चपळ असल्याने ट्रिगरला सापडणार नाही, असे वाटते. दुसरे म्हणजे, नवीन ट्रिगरबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर टाकीत कोळंब्या असताना औषध कसे द्यायचे? काही जण म्हणतात की कोळंब्याच तो रोग साफ करतात.

भरती_ओहोटी

क्लीनर रास आणू नका, अशी कळकळीची विनंती आहे. ट्रिगर त्याला सहसा खात नाही हे बरोबर, परंतु हा मासा प्रवाळावर दिवसभर असंख्य माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट स्राव खाऊन जगतो. तुमच्या टाकीत जेमतेम दहा मासे आहेत. बहुतेक रास काही महिन्यांत खंगून मरतात, आणि जे तगतात ते भुकेपोटी बाकीच्या माशांना सतत टोचत राहून हैराण करतात. त्याच्याऐवजी निऑन गोबी या चिमुकल्या माशांची जोडी चालू शकेल: ती सफाई करते, इतर अन्नही खाते आणि टाकीत पैदास केलेली मिळते. फक्त ती तीन-चार सेंटिमीटरची असते, त्यामुळे ब्लूचिनच्या आधी येऊन तिला आपले बीळ सापडलेले हवे.

पांढऱ्या ठिपक्यांविषयी: ज्या परजीवीमुळे ते होतात तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसतो, म्हणून कोळंबी त्या रोगावरचा उपाय ठरत नाही. ती जखमेच्या कडा आणि सुटलेली कातडी खाते, माशाला त्यातून आराम पडतोही, पण आजार तिथेच राहतो. औषध तांब्याचे असते आणि तांबे कोळंबीसाठी विष आहे. माशांना मानवणारी मात्राही तिला मारते, आणि एकदा तांबे दगड-वाळूत मुरले की ते पुढे बराच काळ थोडे थोडे सुटत राहते. त्यामुळे मुख्य टाकीत औषध घालण्याचा प्रश्नच उद्भवता कामा नये. ब्लूचिनला वेगळ्या, उघड्या तळाच्या टाकीत किमान चार आठवडे ठेवा, आत फक्त पाइपचे तुकडे असू द्या, आणि उपचार लागलाच तर तिथेच करा. रोग मुख्य टाकीत पोचला तर सगळे मासे बाहेर काढून ती माशांविना ठेवावी लागते, आणि त्यासाठी ७६ दिवसांची मुदत सर्वसाधारणपणे पाळली जाते. कोळंब्या त्या काळात मुख्य टाकीतच आरामात राहतात, कारण तो परजीवी त्यांच्यावर जगत नाही.

एक गोष्ट प्रश्नाला धरून नसली तरी सांगाविशी वाटते. आपल्याकडच्या सफाई कोळंब्या जवळजवळ सर्व समुद्रातून पकडून आणलेल्या असतात. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभेच्या कोळंब्यांच्या पैदाशीचे काम स्थानिक लोकांना सोबत घेऊन उभे केले आहे. त्या जाती वेगळ्या आणि लहान आहेत, पण या दिशेचे काम वाढले तर आपण प्रवाळावरून एकेक जीव उचलून आणणे कमी होईल. तोवर आणलेला जीव ट्रिगरच्या प्रयोगात घालवू नये, ही माझी भूमिका आहे.

प्रवाळकाठ_ठाणे

‘डोळे झाकून’ हे शब्द मी मागे घेतो. नेत्राणी_डायव्हर यांचे म्हणणे रास्त आहे. कातेच्या रात्रीसाठी काय करता येते ते लिहितो, कारण माझ्याकडे ब्लूचिन आणि कोळंबी तीन वर्षे एकत्र आहेत आणि त्याचे श्रेय मी बऱ्याच अंशी दगडांच्या मांडणीला देतो.

ट्रिगर संध्याकाळी एखाद्या फटीत शिरतो, पाठीवरचा पहिला काटा उभा करतो आणि मागचा दुसरा काटा त्याला खिळीसारखा अडकवतो, म्हणून त्याला फटीतून ओढून काढता येत नाही. याचा अर्थ असा, की त्याला रात्रीसाठी भोक हवेच असते, आणि दगडांत एकच चांगले भोक असेल तर ते कोळंबीचे असले तरी तो घेणार. तेव्हा टाकीच्या एका टोकाला त्याच्यासाठी ऐसपैस गुहा करा. दुसऱ्या टोकाला कोळंब्यांसाठी दगडांच्या मागे पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन-तीन तुकडे दडवा, ज्यांत ब्लूचिनचे डोकेही जाणार नाही. पाइपची दोन्ही तोंडे उघडी ठेवा, नाहीतर आत पाणी साचून राहते. कोळंबी एकदा तिथे बसू लागली की काताही तिथेच टाकते, असे मी वारंवार पाहिले आहे.

ट्रिगर शेवटी येणार आहे हे तुमच्या फायद्याचे आहे. विलगीकरण संपल्यावर त्याला भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून मुख्य टाकीत आठवडाभर टांगा, म्हणजे सगळे एकमेकांना पाहतील आणि कोळंबी डब्याच्या बाहेरून मिशा हलवताना त्याला दिसेल. त्याला हलवताना जाळी वापरू नका, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मोडतो, डब्यानेच उचला. उलट क्रमाने, म्हणजे ट्रिगर असलेल्या टाकीत नवी कोळंबी सोडायची वेळ आली, तर तिला वरून पाण्यात सोडण्याची चूक कधीच करू नका. वरून तरंगत येणारी वस्तू म्हणजे चारा, हे प्रत्येक माशाला तुम्हीच रोज शिकवत असता. दिवे मालवल्यावर नळीतून थेट दगडाशी उतरवा. त्याआधी तिला थेंब-थेंब पद्धतीने दोन तास पाण्याची सवय करा, कारण काही दुकानांत क्षारता मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि कोळंबीला तो फरक माशापेक्षा फार जास्त बाधतो.

खाण्याकडेही लक्ष असू द्या. दिवसातून तीन वेळा थोडे थोडे द्या: बारीक चिरलेली माकूळ, तिसऱ्यांचे मांस, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), अधूनमधून शेवाळाचे खाद्य. शेवटचा घास दिवे जाण्याच्या अर्धा तास आधी द्या, म्हणजे रात्री पोट भरलेले राहील. मी स्वतः कवचासकट कोळंबी चारा म्हणून देत नाही. लहान माशांपैकी क्लाउनफिशची काळजी नाही. फायरफिशचे मात्र पाहा: ट्रिगर त्यांना चावण्याच्या आधी ते घाबरून टाकीबाहेर उडी मारतात, म्हणून झाकणाला बारीक जाळी हवीच. क्रोमिस पाचाचे चार झाले तर लगेच ट्रिगरला दोष देऊ नका, ते आपसातच भांडून कमी होत असतात.

खारीटाकी_पुणे

सर्वांना कळवायला हवे म्हणून लिहितो. ब्लूचिन घेतला. साडेचार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला, तिसऱ्या दिवशी तो माकूळ खाऊ लागला आणि अंगावर एकही ठिपका आला नाही. त्यानंतर आठ दिवस डब्यात टांगून ठेवला आणि मुख्य टाकीत सोडून आज सात आठवडे झाले. पाइपचे तुकडे त्याआधीच बसवले होते आणि दोन्ही कोळंब्यांनी ते पंधरा दिवसांत आपलेसे केले.

मोठ्या कोळंबीने मागच्या गुरुवारी रात्री कात टाकली. सकाळी कात पाइपच्या तोंडाशी होती आणि आत टॉर्च मारल्यावर मिशा दिसल्या. शनिवारी ती बाहेर आली. ब्लूचिन अजून तिच्यासमोर थांबत नाही, दोन हात अंतर ठेवून जातो. एक फायरफिश पहिल्याच आठवड्यात दगडाखाली गेला आणि खायला बाहेर येईना, म्हणून दोन्ही फायरफिश मित्राच्या टाकीत हलवले. तिथे ते नीट खात आहेत. लहान कोळंबीची कात याच आठवड्यात अपेक्षित आहे, तोवर शेवटचा घास थोडा वाढवला आहे.