कर्ज फिटलं की 'सॅटिस्फॅक्शन' का म्हणतात?

प्रश्न (आर्टिकलशिप_चालू): आमच्या क्लायंट कंपनीचं बँकेचं टर्म लोन फिटलं, आता सीएचजी-४ (तारणावरचा बोजा उतरल्याचं सरकारच्या कंपनी रजिस्ट्रारला, म्हणजे आरओसीला, कळवायचा फॉर्म) भरायचाय. त्यावर लिहिलंय 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज'. सॅटिस्फाय म्हणजे समाधान करणं एवढंच शाळेपासून डोक्यात बसलंय, मग इथे समाधान नेमकं कोणाचं, बँकेचं की आरओसीचं? शब्द आला कुठून हे कोणी नीट सांगेल का?

शब्दवेडी: कोणाच्याच मनाचा संबंध नाही यात. लॅटिनमध्ये सातिस म्हणजे पुरेसं आणि फाकेरे म्हणजे करणं, दोन्ही जोडून 'पुरेसं करणं', म्हणजे जेवढं देणं लागतो तेवढं पुरतं चुकतं करणं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्फत १४व्या-१५व्या शतकात आला तेव्हा कर्ज फेडणं, केलेल्या पापाची भरपाई करणं हेच अर्थ पुढे होते, मन खूष होणं नंतरचं. त्यामुळे तुझ्या फॉर्मवरचा अर्थ जुना आणि अस्सल आहे, आपण रोज वापरतो तो नवा. जुन्या काळी युरोपात कोणी अपमान केला की द्वंद्वाला बोलवून 'सॅटिस्फॅक्शन' मागायचे, तिथेही अब्रूचं देणं वसूल करणं हाच भाव. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे सॅड हा शब्द याच घराण्यातला, लॅटिनमधून नाही तर थेट जुन्या इंग्रजीतून आलेला, तेव्हा त्याचा अर्थ होता पोट भरलेला, मग भरून भरून वीट आलेला, मग जड, गंभीर आणि शेवटी दुःखी!! जर्मनमधला त्याचा भाऊबंद आजही पोट भरल्यावरच वापरतात.

सातबारा_वाचक: वरचं एकदम पटलं. गावाकडे सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो, फेडलं की बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं आणि बोजा कमी करून घ्यायचा. चार्ज म्हणजे हाच बोजा रे, आणि सॅटिस्फॅक्शन म्हणजे बेबाकी. कोर्टातसुद्धा हुकूमनाम्याचे पैसे भरले की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ खाली डिक्री सॅटिस्फाय झाल्याची नोंद करतात.

शब्दवेडी: बेबाकी, वा, हाच शब्द सुचत नव्हता! अजून एक, तुमच्या बॅलन्स शीटमधलं ॲसेट पण सातिसचंच पोर आहे. मेलेल्या माणसाची कर्जं भागवायला 'पुरेशी' मालमत्ता, असा त्याचा कायद्यातला मूळ अर्थ.

आर्टिकलशिप_चालू: भारी! ॲसेट आणि सॅटिस्फॅक्शन एकाच घरातले हे उद्या सगळ्या ऑफिसला सांगणार. जाता जाता, सीएचजी-४ भरायची मुदत कधीपासून मोजायची?

सातबारा_वाचक: पूर्ण रक्कम फिटली त्या तारखेपासून ३० दिवस, कंपनी कायद्याचं कलम ८२ बघ. उशीर झाला तर जादा फी भरून ३०० दिवसांपर्यंत परवानगी मिळू शकते, पण तिथवर जाऊ देऊ नकोस, बँकेचं नो ड्यूज लेटर आजच मागून घे.