मदत हवी आहे: टूरिंग बाईकचा टाच-पंजा शिफ्टर आणि पायाची जुनी सवय

नमस्कार मंडळी,

नुकतीच हार्ले-डेव्हिडसन रोड किंग चालवायला लागले आहे. बाईकबद्दल तक्रार नाही, अडचण डाव्या पायाची आहे. मला ती गंभीर वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा पाय बसलाय तो शंभर सीसीच्या बाईकवर, चारही गिअर पुढे असलेल्या. पंजाने दाबलं की गिअर वाढतो, टाचेने दाबलं की कमी होतो. सिग्नल आला की टाच, टाच, टाच आणि न्यूट्रल. रोड किंगवरही तसेच दोन लिव्हर आहेत, पण काम नेमकं उलटं. पंजा दाबला की गिअर उतरतो, टाच दाबली की चढतो. पहिला खाली, मग न्यूट्रल, मग दोन ते सहा वर.

मोकळ्या रस्त्यावर विचार करायला सवड मिळते, तिथे काही बिघडत नाही. गडबड होते ती घाईत. उतारावर वळण आलं, ब्रेक लावला आणि टाच आपसूक खाली गेली, की चौथ्याचा पाचवा होतो. इंजिनाने गाडी धरायला हवी तिथे ती मोकळी सुटते, आणि वजन पावणेचारशे किलोच्या आसपास! थांबतानाही तेच. क्लच दाबून टाच मारत राहायचं, वाटतं न्यूट्रलकडे चाललोय, प्रत्यक्षात गाडी तिसऱ्यात उभी. निघताना गचका देऊन बंद. हँडल वळलेलं असताना अशी बंद पडली तर ती पायावर तोलून धरणं माझ्याच्याने होणार नाही.

आणखी एक. टाचेने एक गिअर टाकला की कधीकधी पुढचा पडतच नाही, लिव्हर नुसता हलतो. गिअरबॉक्समध्ये काही आहे का? पंजाने वर उचलून टाकावा म्हटलं, तर जाड तळव्याचा बूट पुढच्या लिव्हरखाली शिरत नाही.

मागचा लिव्हर काढूनच टाकावा का? की काही दिवस कळ सोसावी? चारही गिअर पुढे असलेल्या गाडीवरून इकडे आलेल्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

आधी गिअर न पडण्याबद्दल. बहुतेक गिअरबॉक्स ठणठणीत आहे. अशा गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरनंतर लिव्हर मधल्या जागी पूर्ण परत यावा लागतो, तेव्हाच आतली खिटी पुढचा दाता पकडते. टाच मागच्या लिव्हरवर जराशी जरी टेकलेली राहिली तरी तो परत येत नाही, आणि पुढचा दाब फुकट जातो. दाबा, गिअर बसल्याचं पायाला कळू द्या आणि टाच पूर्ण उचला. पाय टेकवून चालवत राहिलं तर गिअर अर्धवट बसतो आणि आतल्या भागांची झीज होते, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे दोन्ही लिव्हर दातेरी दांड्यावर बसवलेले असतात आणि वेगवेगळे फिरवता येतात. बोल्ट काढण्याआधी जुन्या जागेची खूण करून ठेवा. पुढचा एक दाता वर घ्या, म्हणजे बूट खाली शिरेल. मागचाही एक दाता वर घ्या, म्हणजे टाच चुकून त्याच्यावर पडणार नाही, मुद्दाम उचलूनच ठेवावी लागेल. नेहमीचे बूट घालून, गाडीवर बसून तपासा. पूर्ण दाबल्यावर कुठलाही लिव्हर फूटबोर्डला, म्हणजे पाय ठेवायच्या फळीला, आपटता कामा नये. आपटला तर गिअर पुरता बसणार नाही.

प्रतिसाद २

माझं मत स्पष्ट आहे: मागचा लिव्हर काढा. दोन्ही लिव्हर एकाच दांड्याला जोडलेले आहेत, त्यामुळे पुढचा पंजाने वर उचलणं आणि मागचा टाचेने दाबणं यात गिअरबॉक्सला काही फरक नाही. टाचेखाली काही नसलं की जुनी सवय कशावर चालणार? फूटबोर्डवर पाय मागेपुढे सरकवायला जागाही होते, लांबच्या प्रवासात गुडघ्याला फार बरं वाटतं. फक्त रिकाम्या जागी योग्य मापाचा स्पेसर (जागा भरणारी कडी) घाला, नाहीतर पुढचा लिव्हर दांड्यावर आत सरकतो.

प्रतिसाद ३

काढण्याची घाई नको. धोका टाचेपेक्षा पंजाचा जास्त आहे. जुन्या गाडीवर गिअर वाढवायला पंजा दाबायची सवय आहे ना? वेगात तसं झालं तर गिअर उतरेल, इंजिन एकदम ओरडेल आणि मागचं चाक घसटेल. मागचा लिव्हर काढला तरी ही सवय जागच्या जागीच राहते.

मी हाच बदल केलाय. मोकळ्या मैदानात फक्त थांबायचा सराव करा: तिसऱ्यात या, दोन्ही ब्रेक, क्लच आत, पंजा खाली, पंजा खाली, पहिला. थांबताना पहिल्यापर्यंत यायचं आणि न्यूट्रल थांबल्यावर शोधायचा, पंजाने अर्धा उचलून. टाचेचा संबंध फक्त वेग वाढवण्याशी ठेवा. तोंडाने ‘पंजा’, ‘टाच’ म्हणत केलं तर पाय लवकर ऐकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोवर जुनी बाईक घरात दुसऱ्या कुणाला चालवू दे. सकाळी ही आणि संध्याकाळी ती असं केलं तर पाय कधीच ठरवू शकणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी स्टँडवर, इंजिन बंद ठेवून आत्ताच पाहिलं: गिअर टाकल्यावर माझी टाच खरंच लिव्हरवर तशीच टेकलेली राहते. उचलली की लिव्हर टक् करून वर येतो. पंजाने वाढवण्याचा धोका माझ्या डोक्यातच नव्हता, तो वाचून काळजात चर्र झालं. दोन्ही लिव्हर एकेक दाता वर घेते आणि थांबण्याचा सराव सुरू करते. जुनी बाईक आजपासून धाकट्या भावाकडे. मागचा लिव्हर तूर्तास ठेवते. एकच शंका, बोल्ट स्वतः आवळले तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, पण अंदाजाने नको. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पाना फिरवायच्या ठरावीक जोराला, आवळा. त्याहून जास्त आवळला तर आटे जातात, आणि सैल राहिला तर लिव्हर दात्यांवर खेळून दांडाच खराब करतो. पहिल्या लांब फेरीनंतर परत एकदा पाना लावून बघा.