एमटीएस फायली: आधी नुसतं कॉपी करून बघा

तासाभराची एमटीएस फाइल (कॅमकॉर्डरची व्हिडिओ फाइल) एमपी४मध्ये बदलायला रात्रभर लागते, अशी एकाची तक्रार आहे. म्हणजे व्हिडिओ नव्याने एन्कोड (उलगडून पुन्हा संकुचित) होतोय, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरचा व्हिडिओ मुळातच एच.२६४ (व्हिडिओ संकुचित करायची पद्धत, म्हणजे कोडेक) असतो, एफएफएमपेगला (व्हिडिओ बदलायचा मोफत प्रोग्रॅम) कोडेक ‘कॉपी’ सांगितलं की तो जसाच्या तसा एमपी४मध्ये जातो. काही मिनिटांचं काम, दर्जा तसूभरही घटत नाही. आवाज बहुधा एसी-३ (डॉल्बी डिजिटल) स्वरूपात असतो. फोनवर वाजला नाही तर तेवढाच एएसी या दुसऱ्या स्वरूपात बदला.

हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर मात्र चित्रण इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेलं) आहे. तिथे हे दाते घालवणारा एफएफएमपेगचा ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ फिल्टर लावून पुन्हा एन्कोड करण्यावाचून सुटका नाही (सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, १८ ते २० पुरे). लांब चित्रणाचे कार्डावर तुकडे पडले असतील तर ते आधी जोडा, नाहीतर सांध्यावर आवाज अडखळतो.